जावई घोरला, दोष कुणाचा?

प्रश्न : परवा शुक्रवारी रात्री सौ., मी आणि जावई असे एक मराठी सिनेमा बघायला गेलो होतो. बक्षिसं मिळालेला वगैरे. अर्ध्या तासात जावई चक्क घोरायला लागला, सौ. म्हणाली एवढ्या वेळात माझी मेथी निवडून झाली असती. मला मात्र बरा वाटला, पण का ते सांगता येईना. असले संथ सिनेमे खरंच कुणाला धरून ठेवतात, की आवडला म्हणायची फॅशन आहे?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : काका, आधी जावयाला माफ करा. हिंजवडीहून ट्रॅफिकमधून आलेला असेल तर त्या अंधारात एसीमध्ये मीही झोपले असते.

फॅशन थोडी आहेच, खोटं कशाला बोलू. पण सौ.च्या मेथीवरून आठवलं, १९७५चा एक सिनेमा आहे, ‘जान डिलमन’, शांताल अकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा, २०१ मिनिटांचा, आणि त्यात एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, भांडी घासते, खोलीतून निघताना दर वेळी दिवा बंद करते (आणि दुपारी घरात गिऱ्हाईक घेते, तेही तितक्याच कोरडेपणाने). मी लॉ कॉलेज रोडला एका फिल्म क्लबच्या शोला बघितला तेव्हा पहिला तासभर नुसती चुळबुळ, खुर्च्यांची करकर. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात, ती पातेलं घेऊन घरभर फिरते, ठेवू कुठे तिला कळत नाही, आणि माझ्या शेजारच्या मावशी एकदम म्हणाल्या, “अगं बाई, गाळ झाला!” म्हणजे बघा, मावशींना तिचा रोजचा शिरस्ता इतका पाठ झाला होता की बटाटे बिघडले तर त्यांच्या पोटात गोळा आला, आणि हे पहिल्या दिवशी भराभर कट मारून दाखवलं असतं तर झालंच नसतं. २०२२ला ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमा-मासिकाच्या सर्वोत्तम सिनेमांच्या पोलमध्ये समीक्षकांनी हाच सिनेमा पहिल्या नंबरवर आणला, पण मला मावशींचं मत जास्त पटतं.

आपल्याकडचा ‘कोर्ट’ हा मराठी सिनेमा घ्या. कॅमेरा ढिम्म हलत नाही, कुठे बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. शेवटाकडे कोर्ट रिकामं होतं, दिवे बंद होतात, पडदा काळा, आम्ही थिएटरात चपला शोधायला लागलो, आणि पुढे जजसाहेबांची सहल सुरू!

आता तुमच्या सिनेमाचं. नाव लिहिलं नाहीत, पण खिडकी, पाऊस, चहाचा कप, मागे बासरी आणि पुन्हा खिडकी असा असेल तर सौ.ची बाजू मला मान्य आहे, कारण त्यात बिघडण्यासारखं काही मांडलेलंच नसतं, वाट तरी कशाची बघायची? तुम्हाला बरा वाटला म्हणजे तुम्ही बहुतेक कशाची तरी वाट बघत होतात, ते काय होतं तेवढं आठवून बघा. त्यात मध्येच इंटरव्हल. जेमतेम सूर लागतो तोवर दिवे लागतात, पॉपकॉर्नची लाइन, आणि परत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात.

पुढच्या वेळी जावयाला रविवारी सकाळच्या शोला न्या. फक्त आधी मिसळ खाऊ घालू नका.