चाळीसची गादी दोन वर्षांत का बसली?

प्रश्न : मॅडम, दोन वर्षांपूर्वी दिवाळीत फोमच्या दोन गाद्या घेतल्या, सहा बाय तीन, चार इंची. दुकानदाराने ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणून सांगितलं आणि गाद्या उचलायलाही चांगल्या जड होत्या. आता सासूबाईंच्या गादीला कमरेखाली खळगा पडलाय. सकाळी त्यांची पाठ धरलेली असते. डेन्सिटी चांगली असूनही गादी बसते कशी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी सासूबाईंचं बघा. घरात कापसाची गादी असेल तर तूर्त त्यांना ती घाला. बसलेला फोम उन्हात टाकून परत उभा राहत नाही, उलट उन्हाने पिवळा पडून त्याचा भुगा होतो.

आता डेन्सिटी. चाळीस म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. तुमच्या मापाची गादी साधारण 0.17 घनमीटर भरते, म्हणजे खोळ काढून वजन केलं तर पावणेसात किलोच्या आसपास यायला हवं. तुमची गादी या परीक्षेत कदाचित पास होईल. पण काटा फक्त वजन सांगतो, ते वजन कशाचं आहे हे सांगत नाही. माझा संशय खडूच्या भुकटीवर आहे.

मी भोसरीच्या एमआयडीसीत फोमच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. फोम कसा होतो ते सांगते, म्हणजे खडूने काय बिघडतं ते कळेल. पॉलिऑल नावाचं मधासारखं दाट तेल, त्यात थोडं पाणी, थोडं सिलिकॉन, अमाइन आणि टिन हे दोन कॅटॅलिस्ट, म्हणजे क्रियेला वेग देणारी रसायनं, आणि शेवटी टीडीआय हे आयसोसायनेट. रोज सकाळी आम्ही कागदी कपात हे मिश्रण घोटून लहानशा खोक्यात ओतायचो. दहाएक सेकंदांत ते सायीसारखं पांढरं होतं आणि मग वर यायला लागतं. पाणी आणि टीडीआय यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो फुगवतो. त्याच वेळी पॉलिऑल आणि टीडीआय यांची साखळी, म्हणजेच पॉलिमर, घट्ट होत जाते, ती धरून ठेवते. फुगणं आणि धरणं यांची वेळ जुळली की दीड-दोन मिनिटांनी पूर्ण चढलेल्या फोमच्या माथ्यावर बारीक बुडबुडे फुटतात आणि तो सुस्कारा टाकल्यासारखा किंचित खाली बसतो. तो सुस्कारा दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा, कारण याचा अर्थ आतली जाळी उघडली. अनारशाला जाळी पडावी तशी. टिन जास्त झालं तर बुडबुडे बंदच राहतात आणि गार होताना ब्लॉक आक्रसतो. कमी झालं तर पोटातून फाटतो.

गादीचा सगळा दम या जाळीच्या काड्यांमध्ये असतो. पॉलिमर जास्त, तर काड्या जाड आणि गादी टिकाऊ. म्हणून डेन्सिटीला किंमत. पण पॉलिऑल महाग, खडू स्वस्त आणि जड. तो मिसळला की आकडा चाळीसचा येतो, काड्यांमधला पॉलिमर मात्र त्याहून हलक्या फोमइतकाच असतो. शिवाय त्या काड्यांमध्ये दगडाचे कण अडकलेले. रोज दाब पडला की काडी तिथेच तुटते.

बाजाराला ‘डेन्सिटी’ हा शब्द कळला तेव्हा आमच्याकडेही कमी भावात जड फोम द्या अशी मागणी आली. मी दोन तुकडे घेतले, वजन तेच, एकात खडू आणि एकात नाही. दोन पत्र्यांमध्ये निम्म्या जाडीपर्यंत दाबून 70 अंशांच्या ओव्हनमध्ये 22 तास ठेवले. ही या धंद्यातली नेहमीची चाचणी आहे. बाहेर काढून अर्ध्या तासाने मापायचं. साधा तुकडा जवळजवळ पूर्ण उभा राहिला होता. खडूचा तुकडा टेबलावर पडला होता तसाच, मधोमध दबलेला. ते दोन्ही तुकडे मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. खडू तरीही सुरू झाला. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या गाद्यांवर तुमच्या सासूबाईंसारखीच माणसं झोपली असणार.

घरी एवढं करता येईल : खोळ काढून फोमचा कापलेला कोपरा काळ्या कापडावर जोरात घासा. पांढरी पूड उतरली तर खडूची शक्यता बरीच. पक्कं उत्तर प्रयोगशाळेत तुकडा जाळून मिळतं, पॉलिमर जळून जातो आणि खनिज राखेत राहतं. पण घरी फोम कधीही पेटवून पाहू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. नवीन गादी घेताना बिलावर डेन्सिटीबरोबर ‘फिलर (खडूसारखी भर) नाही’ असं लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार का-कू करत असेल तर पुढच्या दुकानात जा.

प्रश्न : माझा मुलगा फोमच्या कारखान्यात लागलाय. तिथे आयसोसायनेट वापरतात. भोपाळचा वायू तोच ना? आणि आमच्या नातीच्या गादीतही तो असतो का?
– एक वडील, अमरावती

उत्तर : भोपाळला डिसेंबर 1984 मध्ये सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. तो 39 अंशांनाच उकळतो, म्हणून ढगासारखा वस्तीभर पसरला. टीडीआय त्याच कुळातला असला तरी अडीचशे अंशांच्या आसपास उकळतो, तसा पसरत नाही. तयार फोममध्ये तो रासायनिकरीत्या बांधला गेलेला असतो, तेव्हा नातीची काळजी नको. नव्या गादीला वास येतो तो बहुतेक उरलेल्या अमाइनचा. चार-पाच दिवस खोलीत वारा खेळू द्या.

मुलाची काळजी मात्र करा. टीडीआयची वाफ फुप्फुसाला ‘ओळख’ करून देते. एकदा ती झाली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम लागतो आणि त्या माणसाला ते काम सोडावंच लागतं. आमच्या मिक्सिंगवरच्या एका मित्राचं असंच झालं. सहा महिने तो ‘धुळीचा खोकला’ म्हणून अंगावर काढत राहिला. वासावर विसंबू नये, वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. मुलाला विचारा : सुट्टीच्या दिवशी खोकला थांबतो आणि कामावर गेलं की परत येतो, असं होतं का? होत असेल तर याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि तो कशावर काम करतो ते स्पष्ट सांगा.

प्रश्न : मी पॉलिमर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एरंडेलापासून फोम करण्याचा प्रकल्प घेतलाय. यात नवीन काही करण्यासारखं उरलंय का?
– एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : पुष्कळ उरलंय गं. एरंडेल हे निसर्गाने दिलेलं तयार पॉलिऑलच, आणि ते आपल्या शेजारी गुजरातेत मुबलक पिकतं. पण त्याच्या साखळ्या आखूड, म्हणून नुसत्या एरंडेलाचा फोम मऊ होत नाही, आणि त्याचे हायड्रॉक्सिल गट आळशी, म्हणून फुगण्या-धरण्याची वेळ चुकते. नेहमीच्या पॉलिऑलच्या शंभर भागांतले दहा एरंडेलाने बदल, मग पंधरा, आणि दर वेळी टिन नव्याने जुळव. अमेरिकेत 2008 च्या मस्टँग गाडीच्या सीटमध्ये सोयाबीनचं पॉलिऑल असंच अंशतः घातलं होतं. जर्मनीत डॉर्मागेनला 2016 पासून कार्बन डायऑक्साइड साखळीतच गुंफून पॉलिऑल करतात, त्यात तो 20 टक्क्यांपर्यंत असतो.

एक सांगते, वहीत हवेचा दाब रोज लिही. मुंबईचं सूत्र आम्ही पुण्यात जसंच्या तसं ओतलं तेव्हा फोम हलका आला. दोन दिवस आम्ही काट्याला दोष देत बसलो. पुणं साडेपाचशे मीटर उंचावर, दाब सहाएक टक्क्यांनी कमी, तोच वायू जास्त फुगतो. तुझ्या एरंडेलाने डेन्सिटी बदलली की पावसाळ्याने, हे त्या वहीशिवाय तुला कळणार नाही.

टीडीआयचा डबा फ्यूम हूडखालीच उघड. आणि ओतलेला कप दुसऱ्या दिवशी उभा काप. माथ्याची जाळी आणि तळाची जाळी भिंगातून बघ, मग मला लिही.