नवीन माळकऱ्याला दोन शब्द

भाऊ, आळंदीला जाऊन माळ घातलीस, फार बरं वाटलं बघ. पण आठवड्यात राग आला, तोंडातून शिवी गेली म्हणून माळ उतरवून ठेवतो म्हणतोयस, ते नको करू. मी माळ घातली तेव्हा आमचा दुधाचा रतीब होता. एकादशी कडक, हरिपाठ कधी चुकला नाही आणि पहाटे किटलीत तांब्याभर पाणी ओतायचो ते ओतायचोच, वर म्हणायचो पेंड किती महागली, काय करणार. कधी कलियुग, कधी संगत, कधी नशीब. तांब्या तर माझ्याच हातात होता ना!

सुटायला दोन वर्षं गेली. आधी घरी आल्यावर वाईट वाटायचं, मग ओततानाच वाटायला लागलं, मग एका पहाटे तांब्या उचलला आणि हात तिथंच थांबला. आळंदी ते पंढरपूर २५० किलोमीटरच्या आसपास आहे, पालखी पण मुक्काम करत करतच पोचते रे, मनाचं वेगळं काय.

आणि शिवी दिलीस त्याच्या आजच पाया पड, आपल्यात लहानथोर बघत नाहीत, नुसतं विठ्ठलाला सांगून मोकळा होऊ नकोस. रात्री हरिपाठ झाला की दोन मिनिटं दिवस आठव, त्यात "त्याच्यामुळे" आलं की परत पहिल्यापासून आठव. एकादशीला फोन कर मला.