तंद्री, गुंगी, पेंग की नुसतीच डुलकी? (आणि ‘झोप येणं’ वेगळं, ‘झोप लागणं’ वेगळं)

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: त्यांची मुलगी सायकॉलॉजीला आहे, प्रोजेक्ट मराठीत लिहितेय, विषय झोपेच्या उंबरठ्यावरची अवस्था. ताई रोज डोंबिवलीहून लोकलने येतात, त्यांना स्वतःला हा अनुभव आहे, म्हणजे डोळे मिटलेले, ‘पुढील स्टेशन ठाणे’ ऐकूही येतं, आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे भलतीच चित्रं, कुणाची तरी अर्धवट वाक्यं. याला तंद्री म्हणायचं, गुंगी म्हणायचं की पेंग? पुस्तकात हिप्नागोगिक असा शब्द आहे, त्याला मराठी काय?

आधी तंद्रीचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. संस्कृतात तंद्रा म्हणजे सरळसरळ झोपाळूपणा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तिची लक्षणंच दिलीयेत: इंद्रियांना समोरचं नीट कळत नाही, अंग जड होतं, जांभया, थकवा, आणि माणूस झोपेने गांजल्यासारखा वागतो. हिंदीत अजूनही तंद्रा याच अर्थाने चालते. मराठीत मात्र तंद्री सरकली. आपण तंद्री म्हणतो ती एखाद्या गोष्टीत बुडून जाण्याला, डोळे टक्क उघडे असले तरी. दादरच्या पुलावरून चालताना हिशोबात इतका गुंगलो की जिना मागे राहिला, ही तंद्री, यात जांभई कुठेच नाही. (आता ‘हिशोबात गुंगलो’ मी सहज लिहून गेलो बघा, गुंगणं आणि गुंगी एकाच घरातले, पण नांदतात वेगवेगळे.) त्यामुळे लोकलमधल्या त्या अवस्थेला तंद्री म्हटलं तर संस्कृतवाला मान डोलवेल आणि मराठी वाचकाला वाटेल बाई कसल्यातरी विचारात होत्या.

गुंगी बाहेरून येते. औषधाची, तापाची, नशेची. आणि ती चढते आणि उतरते, झोप कधी चढत नाही. खोकल्याच्या काही औषधांनी येते ती गुंगी. ग्लानी आणखी वेगळी, तिच्यात मूळ अर्थ शक्ती सरण्याचा आहे, गीतेतली ‘धर्माची ग्लानी’ म्हणजे धर्माला झोप आलीय असं नव्हे, धर्म क्षीण झालाय. तापाने फणफणलेलं पोर ग्लानीत असतं. पेंग तर बिचारी मानेची आहे, मान पुढे पडते, झटक्यात वर येते, शेजारच्याच्या खांद्यावर आदळते. बाहेरून दिसतं ते पेंगणं, आत काय चाललंय ते त्या शब्दात नाही.

आता मला खरं सांगायचंय ते क्रियापदांचं. आपल्याकडे नामापेक्षा क्रियापद जास्त हुशार आहे. झोप येते, झोप लागते, झोप मोडते, झोप उडते. ‘येते’ म्हणजे दारात आली, ‘लागते’ म्हणजे आत शिरली. ‘झोप येतेय पण लागत नाही’ हे वाक्य कुठल्याही आजीला विचारा, ती ते सहज बोलते, आणि झोपाळूपणा आणि प्रत्यक्ष झोप हा डॉक्टर लोक करतात तो फरक त्यात चपखल बसलाय. त्यात पुन्हा ‘झोपणं’ म्हणजे नुसतं आडवं होणंही. ‘साडेदहाला झोपलो, बारा वाजेपर्यंत झोप लागली नाही’ यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. हा जो झोपण्यापासून लागण्यापर्यंतचा वेळ, तोच झोपेच्या लॅबमध्ये मिनिटांत मोजतात, साधारण निरोगी माणसाला 10 ते 20 मिनिटं.

आणि ‘डोळा लागला’? मला हा शब्दप्रयोग फार आवडतो. झोपेच्या पहिल्या टप्प्यात बुबुळं खरंच हळूहळू इकडून तिकडे फिरतात, मेंदूच्या आलेखातल्या अल्फा लाटा (जागेपणी डोळे मिटून स्वस्थ असताना दिसतात त्या) विरतात, टप्पा जेमतेम काही मिनिटांचा. त्यात कुणाला हलवून उठवलं तर बरेच जण शपथेवर सांगतात की मी झोपलोच नव्हतो. घरात टीव्हीसमोर घोरणारे बाबा आठवले ना? ते खोटं बोलत नसतात हो, त्यांना तसंच वाटत असतं. पाय निसटल्यासारखं होऊन दचकतो आपण, तेही याच सुमारास. आणि ताईंची ती चित्रं आणि वाक्यंही इथलीच.

हिप्नागोगिक हा शब्द 1848 साली आल्फ्रेड मोरी या फ्रेंच माणसाने अशाच भासांसाठी वापरला, ग्रीकमध्ये हिप्नोस म्हणजे झोप, पुढचा भाग ‘नेणारं’. झोपेकडे नेणारं. उठतानाच्या भासांना नंतर फ्रेडरिक मायर्स या इंग्रज अभ्यासकाने हिप्नोपॉम्पिक नाव दिलं. आता याला निद्राअमुक-तमुक असा संस्कृत जोडशब्द पाडता येईल, पण परीक्षेनंतर तो कोण बोलणार? माझी सूचना साधी आहे: ‘लागत्या झोपेतले भास’ आणि ‘मोडत्या झोपेतले भास’. वाहतं पाणी, उगवता सूर्य, तशी लागती झोप. ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

जाता जाता हिप्नोटिझमचंही, कारण मुलीच्या प्रोजेक्टमध्ये ते येणारच. जेम्स ब्रेड या स्कॉटिश डॉक्टरने 1840 च्या दशकात तो शब्द रूढ केला आणि त्यात ग्रीकांचा झोपेचा देव, तोच हिप्नोस, घालून ठेवला. पुढे त्याच्याच लक्षात आलं की ही झोप नाहीये, मन एकाच कल्पनेवर खिळलंय, म्हणून 1847 मध्ये त्याने मोनोआयडिझम असा नवा शब्द काढला, पण तोवर जुना चिकटला होता. आपल्या ‘संमोहन’मध्ये झोप नाहीच, मोह आहे. आणि ब्रेडला जे म्हणायचं होतं, एकाच गोष्टीत मन गुंतणं, त्याला मराठी शब्द विचाराल तर तो तंद्री! ती तिकडे वापरा.

तसंच भुलीचं. ऑपरेशनआधी डॉक्टर धीर द्यायला ‘झोपेचं इंजेक्शन देतो’ म्हणतात, पण पूर्ण भूल ही नेहमीची झोप नव्हे, सुरी लागली तरी जाग येत नाही. भूल देतात आणि भूल उतरते, म्हणजे गुंगीसारखीच चढउतार. आणि रानात वाट चुकवते तीही भूलच.

साखरझोपेबद्दलही विचारलं होतं. ती पहाटेची. डोळे भराभर हलणारी, स्वप्नांची झोप (आरईएम, 1953 मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे मांडली ती) रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त लांबते, म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त असतात आणि त्यातूनच जाग येते त्यामुळे लक्षातही राहतात. ती खरी होतात की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

तर प्रोजेक्टसाठी: बाहेरून दिसतं ते पेंग, छोटी झोप ती डुलकी, औषधाची गुंगी, अशक्तपणाची ग्लानी, मन रमलं तर तंद्री, आणि ताईंचं ते लोकलमधलं डोळा लागता लागताचं. ‘डोळा लागता लागता’ हेच प्रोजेक्टचं शीर्षक ठेवलं तरी चालेल, सर काही बोलले तर मला सांगा.