वाचकांचे प्रश्न : आटोपशीर लॅपटॉप, जिनिंगची रुई आणि मे महिना

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब मी पाहतो. आठवड्यातील तीन-चार दिवस मोटरसायकलने गावोगावी सभासदांकडे जावे लागते आणि उरलेले दिवस जिनिंगच्या आवारातील टिनाच्या खोलीत टॅली, एक्सेल, जीएसटीची विवरणपत्रे व डिजिटल सहीचे काम चालते. एक नवा, अगदी पातळ लॅपटॉप ४२,००० रुपयांना मिळतो आहे. त्याच दुकानात एका कार्यालयातून निघालेला, १४ इंची पडद्याचा जुना ‘थिंकपॅड टी४८०’ २४,००० रुपयांना आहे. मुलगा म्हणतो, नवाच घ्या. काय करावे?
— एक वाचक, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या कामाचे स्वरूप पाहता माझा कौल जुन्या यंत्राला आहे, मात्र खाली सांगितलेल्या गोष्टी दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, तपासून घ्याव्यात.

पातळ आणि आटोपशीर हे दोन वेगळे गुण आहेत, आणि जाहिराती त्यांची मुद्दाम सरमिसळ करतात. स्वस्त पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच डाखलेली असते, जोडणीच्या जागा मोजक्याच असतात आणि एखादा भाग गेला तर संपूर्ण बोर्ड बदलण्याची पाळी येते. कार्यालयांसाठी बनवलेली यंत्रे मात्र दुरुस्त करणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली असतात. टी४८० मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत, त्यामुळे आज ८ जीबीवर भागवून पुढच्या हंगामात १६ करता येते. कीबोर्डवर चहा सांडला तर तो खाली वाहून जाण्याची सोय आहे. एक बॅटरी आत आणि दुसरी मागच्या बाजूला असल्याने, लाईन गेलेली असतानाही काम बंद न करता मागची बॅटरी काढून दुसरी लावता येते. लोडशेडिंगच्या गावात या एका सोयीचे मोल नव्या यंत्राच्या चकाकीपेक्षा मला जास्त वाटते. त्याच काळातील डेलचा ‘लॅटिट्यूड ७४९०’ आणि एचपीचा ‘एलिटबुक ८४० जी५’ हीदेखील चांगली यंत्रे आहेत, पण त्यांची बॅटरी अशी चालू कामात बदलता येत नाही. साडेबारा इंची ‘थिंकपॅड एक्स२८०’ पिशवीत सहज मावतो खरा, परंतु त्याची रॅम वाढवता येत नाही, आणि खतावणीचे रकाने दिवसभर त्या पडद्यावर वाचणे डोळ्यांना जड जाते.

आता तपासणी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने यंत्र विंडोज ११ ला पात्र असलेच पाहिजे. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. प्रोसेसरच्या नावात ‘आय५’ नंतर ८२५० किंवा ८३५० असे आठने सुरू होणारे आकडे असतील तर चालेल. ६ किंवा ७ ने सुरू होणारे चार आकडे असतील तर ते यंत्र घेऊ नये. त्यानंतर दुकानदाराला यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला सांगावे आणि सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पाहावे. तेथे पासवर्ड मागितला गेला तर व्यवहार तिथेच थांबवावा, कारण आधीच्या कार्यालयाने घातलेले ते कुलूप आतली नाण्याएवढी बॅटरी काढल्याने सुटत नाही. विंडोजचा बॅटरी-अहवालही काढून घ्यावा. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे शेजारी येतात, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत. हे मॉडेल कमी बारकाईच्या १३६६ गुणिले ७६८ आणि चांगल्या १९२० गुणिले १०८० अशा दोन्ही पडद्यांत विकले गेले. आपण दुसराच पडदा मागावा. एक्सेलच्या ओळी त्यावर बऱ्याच अधिक मावतात.

एक उणीव आधीच सांगतो. चौदा इंची यंत्राला उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी नसते, आणि टॅलीवर हात बसलेल्या माणसाला पहिले आठ दिवस त्याचा वैताग येतो. यूएसबीला जोडण्याची सुटी आकडेपट्टी घ्यावी. डिजिटल सहीचे टोकन आणि ही पट्टी, दोन्हींना रुंद यूएसबी लागते, आणि टी४८० वर तशा बरोबर दोनच जागा आहेत.

यंत्र कोणतेही घेतले तरी त्याचा खरा शत्रू आपल्या भागात ऊन आणि रुई हेच आहेत. लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या वापरासाठी सभोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस छापतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पाराच ४५ च्या आसपास असतो, मग टिनाखालच्या खोलीचे आणि मोटरसायकलच्या डिकीचे काय सांगावे! लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज अवस्थेत ४० अंशांवर ठेवली तर वर्षभरात तिची सुमारे एक तृतीयांश क्षमता जाते. तीच निम्म्याहून थोडी कमी भरून २५ अंशांवर ठेवली तर घट जेमतेम चार टक्के होते. म्हणून थिंकपॅड बनवणाऱ्या कंपनीच्या ‘लिनोव्हो व्हँटेज’ या प्रणालीतून चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घालावी आणि फिरतीच्या आदल्या रात्रीच ती काढावी. पिशवी डिकीत न ठेवता पाठीवर घ्यावी आणि दुपारी बारा ते चारमधले जड काम शक्यतो सकाळवर ढकलावे. कूलरच्या थेट झोतात मात्र बसू नये, कारण ओल्या ताट्यांमधून येणारे पाण्याचे बारीक तुषार यंत्राच्या जाळीतून आत शिरतात आणि बोअरच्या पाण्यातील क्षार बोर्डावर पांढुरके उमटतात.

रुईचे म्हणाल तर, मागील हंगामानंतर एका जिनिंगमधील लॅपटॉप माझ्यासमोर उघडला गेला. तक्रार इतकीच होती की तो तापतो आणि मंदावतो. पंखा स्वच्छ दिसत होता. पण पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये रुईचा, नमद्यासारखा दाबलेला करडा पट्टा बसलेला होता आणि तो चिमट्याने अखंड निघाला. बाहेरून फुंकर मारून हा पट्टा हलत नाही, उलट आणखी घट्ट होतो. हंगामात दोनदा मागचे झाकण उघडावे. टी४८० चे स्क्रू झाकणालाच अडकून राहतात, हरवत नाहीत. मागची बॅटरी काढावी, आतली बायोसमधून बंद करावी, आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळा पंखा झोताने गरगरला की त्याचे बेअरिंग खराब होण्याचा धोका असतो.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचे अंग धातूचे आहे. चार्जिंग सुरू असताना मनगट टेकले की झिणझिण्या येतात, बॅटरीवर असताना येत नाहीत. यंत्र सदोष आहे का?
— एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : यंत्रापेक्षा आपल्या घरातील अर्थिंगची शंका घ्यावी. चार्जरच्या आत विजेतील खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून अगदी किंचित प्रवाह यंत्राच्या धातूच्या अंगापर्यंत येतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये तिसऱ्या पिनेतून तो जमिनीत जायला हवा, पण आपण बहुधा दोन पिनांचा जोड लावला असेल किंवा बोर्डातील तिसऱ्या भोकाला तारच नसेल. इतक्याने सहसा इजा होत नाही. तरीही खरा शॉक बसण्याची वेळ आली तर घराला संरक्षण नाही, असा याचा अर्थ होतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तिसरी तार न्यूट्रलला जोडून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवावे. अर्थिंग पूर्वी नीट असूनही हा त्रास उन्हाळ्यातच होत असेल, तर काळी माती भेगाळून अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेल्या दांड्यापासून सुटली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून दोन बादल्या पाणी घालून फरक पडतो का, ते पाहावे.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेले ठराव नव्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. कीबोर्डवर मराठी अक्षरेही छापलेली नाहीत.
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : आपले ठराव शाबूत आहेत. कृतिदेव हा फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार दाखवतो. तो फॉन्ट नव्या यंत्रात नसल्याने खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडली आहेत. तूर्त तो फॉन्ट बसवावा आणि कायम जपायचे ठराव फॉन्ट बदलून देणाऱ्या परिवर्तक प्रणालीने युनिकोडमध्ये (कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसणाऱ्या लिपी-संकेतात) बदलून, मूळ प्रतीशी ओळीने ताडून ठेवावेत. जोडाक्षरे आणि रफार येथे चुका हमखास होतात. पुढील टंकनासाठी विंडोजच्या भाषा-सेटिंगमधून मराठी इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी घ्यावी. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी तिची रचना असल्याने हात लवकर बसतो, आणि विंडोजची कळ व स्पेस एकत्र दाबून इंग्रजीत परत येता येते. कळांवर चिकटवण्याची मराठी अक्षरे मिळतात. ती पारदर्शक घ्यावीत, म्हणजे खालची इंग्रजी अक्षरे झाकली जाणार नाहीत.