विंडोज १० ठेवू की ११ टाकू? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर आलेल्या प्रश्नांतले सहा इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. विंडोज ११ मध्ये नवे काय आहे, यावर हा निर्णय घेऊ नका. तुमच्या यंत्राला काय काय जोडलेले आहे आणि त्यावर कोणते काम अडून आहे, ते आधी पाहा.

सांगलीहून एक निवृत्त शिक्षिका: लॅपटॉप कोअर आय३-७०२०यू, ८ जीबी रॅम, एसएसडी. बँक, पेन्शनची कामे आणि यूट्यूब एवढाच वापर. विंडोज ११ चालणार नाही असा संदेश येतो. दुकानदार म्हणतो नवा घ्या. घ्यावा लागेल का?

लगेच नाही. संदेश मात्र खरा आहे. इंटेलमध्ये, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहेत. पिढी नावातच दिसते: आय३-७०२० मध्ये डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी, आय५-८२५० म्हणजे आठवी, आय५-१०२१० म्हणजे दहावी. एएमडीवाल्यांनी मात्र आकड्यावर विसंबू नये. रायझन ५ २६०० यादीत आहे. रायझन ३ २२००जी आणि रायझन ५ २४००जी यांचेही आकडे दोन हजारांतलेच, पण आतली रचना आधीच्या पिढीची, म्हणून ते बाहेर.

आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही. विंडोजमध्ये नवी भोके सापडत राहतात, ती बुजवणारे महिन्याचे अपडेट येणे थांबते. अँटिव्हायरस घातला की झाले, असे अनेकांना वाटते, पण ते दारावरच्या वॉचमनसारखे आहे; भिंतीला पडलेले भगदाड तो बुजवत नाही. बँकेचे व्यवहार होतात त्या यंत्रावर हे चालवून घेऊ नये.

तुमच्यासाठी मधला रस्ता आहे. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी (सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे दिसते). मग सेटिंग्जमधून अपडेट अँड सिक्युरिटी आणि विंडोज अपडेट असे जा. तिथे 'एन्रोल नाऊ' ही ओळ दिसेल. दिसत नसेल तर प्रलंबित अपडेट सगळे बसवून यंत्र पुन्हा चालू करा. नावनोंदणीला मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागते. सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात की पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपास रक्कम. उशिरा नोंदणी केली तरी मधले अपडेट मिळतात, मुदत मात्र पुढे सरकत नाही.

इथे एक खड्डा आहे. बॅकअप चालू करताना डॉक्युमेंट्स आणि फोटोंचे फोल्डरही वनड्राइव्हवर चढू लागतात, फुकटची जागा ५ जीबीच असते आणि ती भरली की 'पैसे भरा'चे संदेश सुरू होतात. फोल्डरांचे बटण बंद ठेवा, फक्त सेटिंग्जचे चालू ठेवा.

२०२६ च्या दिवाळीच्या सुमारास मात्र नव्या यंत्राचा हिशेब करावाच लागेल.

नाशिकहून: जोडणी करून घेतलेला डेस्कटॉप आहे. आय५-९४००, १६ जीबी रॅम. नववी पिढी असूनही तपासणीत 'टीपीएम २.० नाही, सिक्युअर बूट नाही' असे येते. मदरबोर्ड बदलावा का?

अजिबात नको. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारा सुरक्षा-विभाग. तुमच्या पिढीत तो चिपसेटच्या फर्मवेअरमध्येच असतो, फक्त जोडणी करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंदच राहिलेला असतो. इंटेलच्या बोर्डांवर त्याचे नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम. असुसच्या बायोसमध्ये तो ॲडव्हान्स्डखाली पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशनमध्ये सापडतो, गिगाबाइटमध्ये मिसलेनियसमध्ये, एमएसआयमध्ये सिक्युरिटीखाली ट्रस्टेड कम्प्युटिंगमध्ये. आवृत्तीगणिक जागा थोडी सरकते. बायोसमध्ये शिरायला या बोर्डांवर यंत्र चालू होताच डिलीट बटण दाबत राहायचे.

सिक्युअर बूट म्हणजे यंत्र चालू होताना फक्त खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. तिचे काम नाजूक आहे आणि बहुतेकांचे तिथेच बिनसते. आधी स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडा आणि 'बायोस मोड' ही ओळ वाचा. यूईएफआय (यंत्र चालू करण्याची नवी पद्धत) लिहिले असेल तर सरळ बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू करा. लेगसी (जुनी पद्धत) लिहिले असेल तर थांबा. याचा अर्थ डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. अशा वेळी घाईने बायोसमधले सीएसएम (जुन्या पद्धतीने चालू होऊ देणारी सोय) बंद केले की यंत्र 'बूट डिव्हाइस नाही' म्हणते आणि माणूस घाबरून फॉरमॅट करून मोकळा होतो. घाबरू नका, माहिती गेलेली नसते. सीएसएम परत चालू केले की विंडोज उघडते.

क्रम असा ठेवा. बाहेरच्या डिस्कवर संपूर्ण बॅकअप. मग कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि विंडोजमध्येच असलेले, जुन्या एमबीआर विभागणीचे नव्या जीपीटी विभागणीत रूपांतर करणारे एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आधी 'व्हॅलिडेट' आणि मग 'कन्व्हर्ट' या स्विचने चालवा (नावातला 'टू' म्हणजे इंग्रजी अंक दोन). दोन्ही वेळा 'अलाउ-फुल-ओएस' हा स्विच सलग अक्षरांत जोडा आणि प्रत्येक स्विचआधी तिरकी रेघ द्या. व्हॅलिडेट नापास झाले तर बहुधा डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतात. तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. रूपांतर झाल्यावरच सीएसएम बंद करा, मग सिक्युअर बूट.

वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल आणि ते फार जुने असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो, कारण त्या कार्डात यूईएफआयचा भाग नसतो. ते कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा. आय५-९४०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहे, त्यामुळे तुमचे भागेल. ९४००एफ असता तर भागले नसते.

कोल्हापूरहून एक छपाई व्यावसायिक: डीटीपीचे काम पेजमेकरवर, मराठी जुन्या फाँटमध्ये, सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली). घरच्या याच संगणकावर मेल आणि जीएसटीही. ११ वर गेलो तर हे सगळे चालेल का?

या संगणकाला हात लावू नका, दुसरा शोधा, असे आमचे स्पष्ट मत.

विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे. ३२ बिटचे प्रोग्राम त्यावर चालतात, म्हणून पेजमेकर उघडेलही. अडते ते ड्रायव्हरवर, म्हणजे जोडलेले उपकरण विंडोजला ओळखू देणाऱ्या प्रोग्रामवर. डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिटचाच हवा, ३२ बिटचा बसतच नाही. तुमचे आताचे विंडोज १० जर ३२ बिटचे असेल तर अपग्रेड हा मार्गच नाही, सगळे पुसून नव्याने बसवावे लागते. शिवाय विंडोज ११ नव्याने बसवले की पुरेशा ताकदीच्या यंत्रांवर 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय आपोआप चालू होते आणि ती जुने ड्रायव्हर अडवते. डोंगलचा दिवा लागतो, सॉफ्टवेअर मात्र 'की सापडली नाही' म्हणत राहते. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन इथे ती बंद करता येते. पण जीएसटीच्या संगणकावर डोंगलसाठी सुरक्षेचे कुलूप काढणे हा उलटा व्यवहार झाला.

जुने यंत्र विंडोज १० वरच ठेवा आणि त्याची नेटची केबल काढा, वायफाय बंद करा. त्यावर फक्त जुन्या फाइली आणि जुन्या फाँटचे काम. मेल, बँक, जीएसटी आणि डिजिटल सहीचे टोकन नव्या यंत्रावर. फाइल पीडीएफ करून पेनड्राइव्हने न्या. पेनड्राइव्ह नव्या यंत्रावर आधी तपासायचा आणि मगच उघडायचा. टोकनचा ड्रायव्हर तो देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ६४ बिटचा घ्या. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या आठवड्यात हा बदल करू नका.

पुढच्या कामांना युनिकोड (कोणत्याही यंत्रावर मराठी अक्षरे ओळखली जातील अशी सामाईक पद्धत) धरा. पेजमेकरला युनिकोड येत नाही, त्यामुळे फाँटबरोबर सॉफ्टवेअरही बदलावे लागेल. टंकलेखनाची अडचण नाही. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा 'मराठी फोनेटिक'ही विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून आत आहे. ११ वर जुन्या युनिकोड फाइलींतले मंगल किंवा कोकिळा नाहीसे झालेले दिसले तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फाँट उतरवून घ्या.

ठाण्याहून: चार दिवसांपूर्वी लॅपटॉपवर विंडोज ११ घेतले. ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. चालू व्हायलाच पाच मिनिटे लागतात. परत मागे जाता येईल?

येईल, पण १० दिवसांच्या आत. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. तोवर डिस्क क्लीनअप किंवा स्टोरेजच्या साफसफाईत 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर खूण करू नका. ते २०-२५ जीबीचे फोल्डर म्हणजेच तुमचा परतीचा रस्ता. मागे गेलात की मधल्या दिवसांत बसवलेले प्रोग्राम जातात, फाइली सहसा राहतात. तरी बॅकअप घ्याच.

पण मागे जाऊन फार फरक पडेल असे वाटत नाही. टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला दिसेल. हा दोष ११ चा नव्हे, फिरत्या डिस्कचा आहे. कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडी यांच्याखाली उतरू नये. तुमच्या हार्डडिस्कच्या जागी २.५ इंची, ७ मिमी जाडीची साटा एसएसडी बसेल. ५०० जीबीची पुरे. एमदोन (एम.२) खाच, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा, असेल तर तिथे एसएसडी बसवून हार्डडिस्क साठवणीला ठेवता येते. रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' पाहा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते, तिथे इलाज नाही.

छत्रपती संभाजीनगरहून: आमच्या जुन्या संगणकावर 'तपासणी चुकवून' विंडोज ११ टाकून देतो, असे एक तंत्रज्ञ म्हणतो. टाकू?

बँकेचे काम होत असेल तर नको. असे बसवलेले विंडोज चालते, पण अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही. तीच कसरत दरवर्षी. कोअर टू ड्युओ असेल तर विषयच संपला. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही ठरावीक आज्ञा असाव्याच लागतात, त्या नसल्या तर यंत्र सुरूही होत नाही. आणि तंत्रज्ञाच्या पेनड्राइव्हमधले 'ॲक्टिव्हेट करून दिलेले' विंडोज असेल तर त्यात आणखी काय काय भरले आहे, ते तुम्हाला कळणार नाही.

पुण्याहून एक विद्यार्थिनी: बायोस अपडेट केल्यावर निळा पडदा येऊन ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. मी कधीच कुठला पासवर्ड घातला नव्हता.

तुम्ही घातला नव्हता, विंडोजने घातला. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या अकाउंटवर जाते. बायोस बदलला की टीपीएमला यंत्र ओळखीचे वाटत नाही, म्हणून तो किल्ली मागतो. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शिरा, डिव्हाइसेसमध्ये बिटलॉकरच्या (या कुलपाचे हेच नाव) किल्ल्या पाहा. पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरे जुळतील तीच तुमची.

तिथे काही नसेल तर लॅपटॉप पहिल्यांदा कोणाच्या अकाउंटने सुरू झाला होता ते आठवा. दुकानातच 'सेट करून' घेतलेला असेल तर किल्ली दुकानदाराच्या अकाउंटवर असू शकते. वडिलांचे किंवा कॉलेजचे अकाउंटही बघा. कुठेच सापडली नाही तर माहिती परत मिळत नाही, मायक्रोसॉफ्टलाही ती किल्ली नव्याने तयार करता येत नाही. कोणी पैसे घेऊन 'उघडून देतो' म्हणाला तर तो फक्त फॉरमॅट करणार.

बाकीच्यांनी अपग्रेड किंवा बायोसला हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहावे, किल्ली कागदावर उतरवावी आणि बायोसचे काम संपेपर्यंत एन्क्रिप्शन तात्पुरते थांबवावे. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.