एलियास होल: दर्शनी भिंतीमागचा अभियंता

तुमचा प्रश्न असा, की इटालियन शैली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात आणली एवढंच होलचं कर्तृत्व असेल, तर त्याला अभियंता का म्हणायचं? दर्शनी बाजूच्या फोटोंवरून त्याला जोखलं तर हा प्रश्न पडणारच. त्याच्या इमारतींचे उभे छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यासारखी दाखवणारी रेखाचित्रं, पाहा.

होल (1573–1646) गवंड्याच्या घरातला, वडील हान्स यांच्या हाताखाली तयार झालेला. 1600 च्या अखेरीस तो व्हेनिसला गेला आणि परतल्यावर 1602 मध्ये शहराचा बांधकामप्रमुख झाला. वेशी, शाळा, मंडई, इस्पितळ अशी सगळी कामं मग त्याच्याकडे आली. एक सावधगिरी: शस्त्रागार त्याने बांधून पुरं केलं, पण त्याची दर्शनी बाजू चित्रकार योसेफ हाइन्ट्सने आखलेली आहे. ही गल्लत फार होते.

1609 ची खाटकांची मंडई मला त्याची सर्वांत बोलकी इमारत वाटते. तिच्या खालून लेख नदीचा कालवा जातो. वाहत्या गार पाण्यामुळे मांस थंड राहायचं आणि घाण त्याच पाण्यातून वाहून जायची. म्हणजे जागा निवडतानाच निम्मं काम झालं होतं. आउग्सबुर्गची जलव्यवस्था 2019 मध्ये जागतिक वारसा यादीत आली, त्यात ही मंडईही आहे.

नगरभवनाच्या बाबतीत कामाचा क्रम बघण्यासारखा आहे. जुनी इमारत पाडायची तर तिथली घंटा आधी कुठेतरी हलवायला हवी. म्हणून 1614 पासून शेजारचा पेर्लाख मनोरा उंच करून घंटा तिकडे नेली आणि 1615 मध्ये नव्या भवनाचा पाया घातला. मधल्या पट्ट्यात एकावर एक तीन दालनं आहेत. खालच्या दोन्हींत खांब आहेत, पण सर्वांत वरच्या सुवर्ण दालनात एकही नाही. सुमारे 32 मीटर लांब, 17 मीटर रुंद आणि 14 मीटर उंच अशा या दालनाचं छत खालून पेललेलं नाही. ते वरच्या कैच्यांना, म्हणजे छपराच्या त्रिकोणी चौकटींना, साखळ्यांनी टांगलेलं आहे. त्यामुळे छताचा भार छपराच्या सांगाड्यातून बाजूच्या भिंतींवर उतरतो आणि दालन मोकळं राहतं. जिन्यांवरचे दोन मनोरे मूळ आराखड्यात नव्हते, होलने ते काम चालू असताना सुचवले. दालनाची आतली सजावट मात्र चित्रकार माथियास कागरची.

त्याची कारकीर्द धर्मामुळे मोडली. 1629 च्या कॅथलिक सम्राटाच्या प्रॉटेस्टंटविरोधी फर्मानानंतर प्रॉटेस्टंट होलला पद सोडावं लागलं. 1632 मध्ये प्रॉटेस्टंट स्वीडिश सैन्य आल्यावर ते परत मिळालं, पण 1635 मध्ये पुन्हा गेलं.

अभ्यासासाठी एक सूचना. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात नगरभवन जळलं. आजचं सुवर्ण दालन ही पुनर्बांधणी आहे, ते 1985 मध्ये पुन्हा खुलं झालं. सुतारकामाचे तपशील काढायचे असतील तर युद्धापूर्वीची रेखाचित्रं आणि फोटो घ्या. आजच्या फोटोंवरून होलच्या काळची जोडणी ठरवू नका.