वाचक विचारतात : ‘गणित कच्चं’ म्हणजे नेमकं काय कच्चं?

निकाल लागून गेल्यावर येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो. त्यांतली चार पत्रं या अंकात घेतली आहेत.

मुलगा दहावीला गणितात 29 गुण मिळवून राहिला. बाकी विषयांत साठच्या पुढे आहे. सहा गुणांसाठी क्लासवाले पूर्ण पोर्शन पुन्हा घ्यायला सांगतात. अकरावीला एटीकेटीने प्रवेश घ्यावा, की वर्षभर थांबावं? — एक पालक, धनकवडी

प्रवेश घ्या. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची, सवलत आहेच. घरी बसवलेल्या मुलाचे मित्र पुढे जातात, दिवसाची घडी मोडते आणि ‘राहिलेला’ हा शिक्का वर्षभर अंगाला चिकटून राहतो.

क्लासची फी भरण्याआधी मात्र उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकनासाठी ती लागतेच, पण आपल्याला ती निदानासाठी हवी आहे. आधी त्या 29 गुणांची फोड करा. शंभरातले 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते देताना शाळेचा हात सहसा सढळ असतो. त्यातले 17 मिळाले असतील, तर लेखी 80 पैकी फक्त 12 हाती लागलेत. म्हणजे ‘सहाच कमी पडले’ ही समजूत खोटी. मग बीजगणिताचे 40 आणि भूमितीचे 40 वेगवेगळे तपासा.

त्यानंतर चुकलेली दहा-बारा उदाहरणं निवडा आणि दोन बैठकांत, कोऱ्या कागदावर, मुलाला पुन्हा करायला द्या. ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी 1977 मध्ये मांडलेली पद्धत इथे फार कामी येते. प्रत्येक उदाहरणाला पाच गोष्टी याच क्रमाने विचारायच्या : प्रश्न मोठ्याने वाच. काय काढायचंय ते तुझ्या शब्दांत सांग. कोणती रीत लावशील? आता बोलत बोलत करून दाखव. शेवटी उत्तर नीट लिही. जिथे पहिल्यांदा अडेल तिथे खूण करा आणि पुढच्या उदाहरणाकडे वळा. मध्ये समजावू नका. पालकांना हेच सर्वांत जड जातं, आणि एकदा सुचवून टाकलं की निदान वाया जातं. न्यूमन यांना सहावीच्या मुलांत आढळलं, की जवळपास निम्म्या चुका आकडेमोडीपर्यंत पोचण्याआधीच झालेल्या असतात.

एक उदाहरण घेऊ. ‘दोन अंकी संख्या आणि अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज 143 आहे.’ बरीच मुलं सरळ x + y = 143 लिहून मोकळी होतात. हवं असतं (10x + y) + (10y + x) = 143, म्हणजेच x + y = 13. ही चूक तिसऱ्या पायरीची आहे. अशा मुलाकडून एकसामयिक समीकरणांचे पन्नास संच सोडवून घेतले, तरी त्याची गाडी तिथेच अडणार. त्याला रोज चार शाब्दिक उदाहरणं फक्त मांडायला द्या, सोडवायला नकोत. अडचण चौथ्या पायरीवर असेल, तर ती बहुधा ऋण चिन्हं, अपूर्णांक आणि पक्षांतर यांची असते, म्हणजे सातवी-आठवीची. मग पंधरा दिवस आठवीचं पुस्तक काढावं लागेल. दहावीचा पूर्ण पोर्शन नव्हे. पेपरात कोरे सोडलेले प्रश्न घरी सुटत असतील, तर दोष वेळेच्या हिशेबाचा किंवा भीतीचा आहे.

आत्मविश्वास यावा म्हणून नुसती सोपी गणितं देत बसू नका. मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी 1975 मध्ये 8 ते 13 वर्षांच्या, चुकलं की हात टेकणाऱ्या 12 मुलांवर प्रयोग केला. निम्म्यांना फक्त यशच मिळेल असं काम दिलं. उरलेल्यांना अधूनमधून अपयश येऊ दिलं आणि ते प्रयत्न कमी पडल्यामुळे आलं असं सांगितलं. पुढे अपयश आल्यावर पहिला गट पुन्हा ढेपाळला, दुसरा टिकून राहिला. फक्त एक भान ठेवा : भरपूर राबलेल्या मुलाला ‘प्रयत्न कमी पडले’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याला चुकलेली पायरी दाखवा. आणि तो जेवण-झोप टाकून गप्प बसला असेल, तर गणित बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.

एम.एड.साठी ‘नापास होण्याची आणि गळतीची कारणे’ हा विषय घेतला आहे. चाळीस शिक्षकांना प्रश्नावली दिली. सर्वाधिक मतं ‘पालकांची उदासीनता’ या कारणाला. निष्कर्ष असाच मांडू का? — एक शिक्षिका, हडपसर

नको. तुमच्या हाती शिक्षकांचं मत आलंय, कारण नव्हे. आपल्या हाताखाली मूल नापास झालं की कारण घरात शोधावंसं वाटतं. पालकांना विचाराल तर ते शाळेकडे बोट दाखवतील. दुसरी अडचण तुलनेची. पास झालेल्या मुलांचे पालकही तितकेच कमी वेळा शाळेत येत असतील, तर ते कारण गळून पडतं. म्हणून एकाच वर्गातल्या पास आणि नापास मुलांना तेच प्रश्न विचारा, आणि प्रश्न मोजता येतील असे ठेवा. ‘पालक लक्ष देतात का?’ ऐवजी गेल्या महिन्यातली हजेरी, घरकामाचे तास, मूल कितव्या शाळेत शिकतंय.

गळतीसाठी मात्र वर्गात बसलेल्या मुलांना विचारून काहीच कळणार नाही. जी गेली ती वर्गात नाहीत. शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीचं पुस्तक, काढा. आठ वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेलं प्रत्येक नाव घ्या आणि सरळ पुढे आलं, मागे राहिलं, दाखला नेला, की नुसतंच दिसेनासं झालं, हे एकेक तपासा. ब्रिटिश काळातल्या शिक्षणविषयक हार्टोग समितीने 1929 साली ‘अपव्यय’ आणि ‘अवरोधन’ हे दोन वेगळे दोष मांडले : शिक्षण पुरं न करता शाळा सोडणं आणि एकाच इयत्तेत अडकून राहणं. एका वर्षाच्या पहिलीचा पट घेऊन तीन वर्षांनी चौथीच्या पटाशी ताडला, तर हे दोन्ही एकमेकांत मिसळतात, कारण पहिलीत जुनी अडकलेली मुलंही मोजली जातात. आपल्याच पुण्यातल्या गोखले संस्थेसाठी धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाची केलेली पाहणी 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. विषय हाच आहे, तेव्हा मुळातून वाचा.

हडपसर-मांजरी पट्ट्यात एक सापळा आहे. बांधकामावरची कुटुंबं साइट संपली की हलतात, दाखला मागेच राहतो, आणि दुसरीकडे शिकणारं मूल तुमच्याकडे ‘गळती’त दिसतं. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला मुलाचा कायम शिक्षण क्रमांक ताडून घेतल्याशिवाय त्याला शाळाबाह्य धरू नका.

आठवीपर्यंत ढकलपास सुरू झाल्यापासून दर्जा घसरला. आता पाचवी-आठवीला पुन्हा नापास करणार, हे बरंच झालं. आपलं मत? — एक निवृत्त वाचक, सदाशिव पेठ

आपलं अर्धं म्हणणं मान्य. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तेव्हा मुलाला मागे ठेवायचं नाही आणि त्याचं सतत मूल्यमापन करून कमी भरून काढायची, अशी जोडी होती. पहिलं सोपं म्हणून झालं; दुसऱ्याचे तक्ते भरले गेले. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला वर्षअखेरची परीक्षा आली. नापास झाल्यास जादा शिकवणं, दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि तरीही राहिल्यास त्याच वर्गात ठेवणं राज्याच्या मर्जीवर. शाळेतून काढता मात्र येत नाही.

मागे ठेवण्याने मूल सुधारतं का? होम्स या संशोधकांनी 1989 मध्ये या विषयावरचे 63 अभ्यास एकत्र पाहिले. त्यांतल्या 54 मध्ये परिणाम उलटा दिसला. यावर रास्त आक्षेप असा, की मागे ठेवलेली मुलं मुळातच कच्ची असतात. म्हणून जेकब आणि लेफग्रेन यांनी शिकागोत काठावर पास आणि काठावर नापास झालेली मुलं ताडली, कारण दोन-चार गुणांनी इकडे-तिकडे झालेली मुलं जवळपास सारखीच असतात. सहावीत मागे राहिल्याने शाळा सोडण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. आठवीत मात्र ते प्रमाण वाढलं. शिकागो म्हणजे पुणे नव्हे, पण आपल्याकडे तर सक्तीचं शिक्षण चौदाव्या वर्षी संपतं आणि आठवीतल्या मुलाला काम मिळू लागतं.

बदल दिसला तो शिकवण्याने. मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच तरुण शिक्षिका, तिसरी-चौथीची मागे पडलेली 15-20 मुलं रोज दोन तास वेगळी बसवून वाचन-अंकगणित घेत. सर्वांत कच्च्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. मदत थांबल्यावर वर्षभरात बराचसा विरला, हेही खरं. तेव्हा फेरपरीक्षेआधीचे ते दोन महिने कोण, कुठे आणि काय शिकवणार, हे शाळेला विचारा.

एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) दुसऱ्यांदा बॅक लागला. नोट्स चार वेळा वाचते, सगळं येतंय असं वाटतं, पेपरात काही आठवत नाही. — इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कर्वेनगर

‘येतंय असं वाटणं’ हीच गफलत. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा चार सत्रांत नुसता वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी 83 टक्के आठवला, आठवड्याने 40. एकाच सत्रात वाचून पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता लिहून काढणाऱ्यांना आधी 71, आठवड्याने 61. तो उतारा होता, गणित नव्हे. पण तुझी तक्रार तीच आहे. जुन्या पेपरातला एक प्रश्न घे, नोट्स मिटव, अडलीस तरी दहा मिनिटं झगड, मग उत्तर बघ. बघून समजलेला प्रश्न सुटलेला धरू नकोस. त्यावर तारीख टाक आणि तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा कर.